मार्सेलिसच्या टेकडीवर मी खोटं बोलले

दादा,

वहिनीचा फोन आला तेव्हा मी इकडे पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला लॅबमध्ये होते. शनिवार होता, पण पेशींना शनिवार-रविवार कळत नाही, कुणीतरी जाऊन त्यांना खाऊ घालावंच लागतं. फोन स्पीकरवर टाकून मी हातमोजे काढत होते. वहिनी रडत नव्हती. म्हणाली, "मेधा, तुझ्या दादाला हॉस्पिटलमध्ये आणलंय. आयसेलिनला दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये भांडण झालं कुणाशी तरी. डोक्याला मार लागलाय. शुद्धीवर नाही."

मी विचारलं, "दादानं काय केलं?"

कसा आहे, कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे, हे काही विचारलं नाही. तुझी कवटी फुटली होती आणि तुझ्या सख्ख्या बहिणीचा पहिला प्रश्न हा होता. "माहीत नाही गं," म्हणून वहिनीनं फोन ठेवला.

विमानानं न्यू जर्सीला पोचले तेव्हा तुझं अर्धं डोकं भादरलेलं होतं. डोळे सुजून मिटले होते आणि मशीन तुझी छाती वरखाली करत होतं. सोमवारी दुपारी डॉक्टरांनी ते बंद केलं. तोवर मी तुझ्या कानाशी बसून बरंच काय काय बोलले, पण फोनवर मी काय विचारलं ते सांगायचं धाडस झालं नाही. तुला जाऊन आता तीन आठवडे झालेत, म्हणून लिहितेय.

तूच सांग, दुसरं काय विचारणार होते मी? इंजिनिअरिंगच्या मेसमध्ये तू एकाचं नाक फोडलंस तेव्हा प्रिन्सिपलसमोर हात जोडायला आई आणि मी गेलो होतो. न्यू जर्सीत आल्यावर दुसऱ्याच वर्षी, मागच्यानं हॉर्न दिला म्हणून सिग्नलला खाली उतरलास आणि त्याच्या गाडीचा आरसा उखडून हातात घेऊन परत आलास. वहिनी शेजारी बसली होती, सातव्या महिन्यात. त्या संध्याकाळी मला फोन करून म्हणालास, "मेधे, यार, आज पुन्हा झालं." नेहमी 'झालं' म्हणायचास. 'केलं' कधी म्हणाला नाहीस. ताप यावा तसं ते तुझ्या अंगात यायचं आणि उतरलं की तू घामाघूम होऊन मला फोन करायचास. मी रागवायचे. तू ऐकून घ्यायचास. आपलं भावाबहिणीचं नातं बरंचसं त्या फोनांवर उभं होतं.

आणि तरी तुझ्यावर मनापासून चिडणं मला कधी जमलं नाही. कारण ते सगळं कुठून आलं ते मी पाहिलंय.

नागपूरला अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आपण वरच्या मजल्यावर राहायचो. मी आठ वर्षांची, तू तेरा. बाबांच्या ड्यूटीच्या रजिस्टरवर मी शाईची दौत सांडली. ते घरी आले, रजिस्टर उघडलं आणि काही न बोलता कमरेचा पट्टा सोडला. मग विचारलं, "कोणी केलं?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मी."

बाबा मारताना मोजून मारत नसत, दमेपर्यंत मारत. तू रडला नाहीस, त्यानं ते आणखी पेटले. पट्टा टाकून त्यांनी तुझा हात धरला आणि मागे पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वैपाकघराच्या दारातून ऐकला. ओलं लाकूड मोडतं तसा नव्हता तो आवाज, वाळक्या लाकडासारखा होता, एकदम स्वच्छ. आई तुला सायकलरिक्षातून दवाखान्यात घेऊन गेली, मीही बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" आई म्हणाली, "जिन्यावरून पडला." डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय गं, पडला का दादा?" मी मान हलवली.

तुझी पाठ वळांनी भरलेली होती. माझ्या अंगावर अख्ख्या लहानपणात एक वळ उठला नाही. हे तुझ्यामुळं, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. असं काही बोलायला गेलं की तू म्हणायचास, "चल, फेकू नको," आणि विषय संपायचा.

आता मार्सेलिसचं बोलू. नऊ वर्षं आपण त्यावर भांडलो आणि भांडण तसंच राहिलं.

रिया तेव्हा दहा वर्षांची होती. युरोपची ट्रिप ठरली तेव्हा वहिनीला पॅरिस हवं होतं, पण तू हट्टानं मार्सेलिस घातलंस, शाळेच्या पुस्तकात शिकलेल्या, बोटीवरून मारलेल्या त्या उडीपायी. मी एकटीच तुमच्याबरोबर आले होते. कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच शिकले होते, तेवढ्या भांडवलावर मी तुमची गाइड झाले. जुन्या बंदरावर तुला काही सापडलं नाही, नुसत्या डोलकाठ्याच डोलकाठ्या. मग हॉटेलवालीनं सांगितलं, टेकडीवर एक बाग आहे, शहरातली सगळ्यात जुनी, तिथून सगळं बंदर दिसतं.

ऊन मी म्हणत होतं. त्या पायऱ्या चढताना वहिनी दोनदा बसली. वर पाइनची झाडं होती, सुकलेलं गवत, तांबडी खडी टाकलेल्या वाटा आणि कडेनं लोखंडी कठडा. त्यावरून वाकलं की खाली लाल कौलांची रांग, मग बंदराचं निळं चौकोनी पाणी, त्याच्या तोंडाशी दोन दगडी किल्ले आणि पलीकडे समुद्र. किडे इतके किर्र ओरडत होते की मोठ्यानं बोलावं लागत होतं. तू रियाला कठड्याशी उभी करून उडीची गोष्ट सांगितलीस. बोटीचं ते छोटं खिडकीएवढं भोक, पाणी, गोळ्या, किनारा.

"डिड ही गेट अवे?" रियानं विचारलं.

"नाही. पकडलं त्यांना."

"देन व्हाय जंप?"

तू इतका हसलास. म्हणालास, "ह्याचं उत्तर तुझ्या आत्याला विचार, ती हुशार आहे." नऊ वर्षांत मी तो क्षण कितीदा तरी आठवलाय. त्यानंतर तीनेक मिनिटांत सगळं झालं.

तो तिशीचा असेल. मागच्या झुडपांकडून आला आणि वहिनीच्या खांद्यावरची बॅग ओढली. चौघांचे पासपोर्ट त्या बॅगेत होते. पट्टा वहिनीच्या हातात अडकला, त्यानं थांबून सोडवला नाही, तसाच ओढला. वहिनी तोंडावर पडली आणि चार पावलं खडीवरून फरपटत गेली. गाल सोलला. पट्टा तुटला आणि तो पायऱ्यांकडे पळाला. तू त्याच्यामागे.

मी पोचले तेव्हा तू त्याला पायऱ्यांच्या तोंडाशी गाठलं होतंस. बॅग खाली पडली होती. त्यानं दोन्ही हात वर केले होते, तो काहीतरी म्हणत होता, बहुतेक 'बस', 'पुरे'. तुझी मूठ त्याच्या जबड्यावर बसली तसा तो कठड्यावर आदळला. तू त्याची कॉलर धरलीस, त्याला सरळ केलंस आणि पुन्हा मारलंस. मग त्याचं डोकं धरून कठड्यावर आपटलंस. एकदा. दोनदा. लोखंड घणघणलं. त्याच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडला, तो खडीवर पडलेला मला दिसला. तो उभा राहू शकत नव्हता, तू त्याला उभं धरून मारत होतास. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, दादा. राग असता तर मला इतकी भीती वाटली नसती. तू काम करत असल्यासारखा दिसत होतास. दमेपर्यंत करायचं काम.

मी तुझ्या कमरेला मागून मिठी घातली आणि सगळं वजन मागे टाकलं. आपण दोघं मागे पडलो. तो पायऱ्यांवर घसरत तीन-चार पायऱ्या खाली गेला आणि तिथंच पडून राहिला. मी वर पाहिलं तर रिया दहा पावलांवर उभी होती. तिनं आईचा सँडल हातात धरला होता.

पोलीस आले. फ्रेंच येणारी मी एकटीच. त्यांनी विचारलं, "ह्याला काय झालं?" तुझ्या मुठींवर रक्त होतं, तू त्या पाठीमागे धरल्या होत्यास. मी म्हणाले, "तो बॅग घेऊन पळत होता. पायऱ्यांवरून पडला."

वहिनीचा सोललेला गाल, दहा वर्षांची मुलगी, तुटलेला पट्टा हे सगळं पोलिसानं पाहिलं, लिहून घेतलं आणि आपल्याला जाऊ दिलं. त्याला अँब्युलन्समध्ये घातलं तेव्हा त्याचा एक हात स्ट्रेचरखाली लोंबत होता.

हॉटेलवर आल्यावर तू मला गच्चीवर बोलावलंस. मला वाटलं, आभार मानशील. तू म्हणालास, "खोटं काहून बोलली तू?" चिडलास की तुझ्या तोंडात आपलं नागपूर परत यायचं.

"तुला वाचवायला."

"मला नाही वाचवलं. पायऱ्यांवरून पडला. कोणाचं वाक्य आहे हे? आईचं आहे. आई हे वाक्य बोलून कोणाला वाचवायची?"

मी तोंड फिरवलं.

"मग मी आज कोण झालो, सांग ना. मी मारलं त्याला. मी सांगितलं असतं, मी मारलं. जे व्हायचं ते झालं असतं. तू मला बाबा करून ठेवलंस, मेधे."

त्या दिवशी तू पहिल्यांदा 'मारलं' म्हणालास, 'झालं' म्हणाला नाहीस. हे माझ्या आत्ता, लिहिताना लक्षात येतंय.

त्यानंतर तू दर दोन-तीन महिन्यांनी एकच गोष्ट मागायचास. "मार्सेलिसच्या हॉस्पिटलांना फ्रेंचमध्ये ईमेल कर. तो जगला का, एवढंच विचार." मी म्हणायचे करते, आणि करायचे नाही. कधी म्हणायचे, कोण देईल अशी माहिती. कधी म्हणायचे, विसर ना आता. खरं कारण हे की उत्तर काय येईल याची मला भीती होती, आणि तुला ती नव्हती. शेवटच्या वेळी, मागच्या दिवाळीत, आपण त्यावरून इतके भांडलो की मी फोन कट केला. मग आपण वाढदिवसाला मेसेज केले, अंगठे पाठवले, बस. तुझा आवाज मी शेवटचा ऐकला तो भांडणातला.

तू गेल्यावर आठव्या दिवशी डिटेक्टिव्हनं आम्हाला बोलावलं, पन्नाशीची एक शांत बाई. वहिनी बाहेरच्या बाकावर बसून राहिली, ती आत यायला तयार नव्हती. रिया आणि मी गेलो. बाईनं आधीच सांगितलं की पार्किंग लॉटमध्ये तुझ्याशी भांडलेल्या माणसाच्या बायकोनं पहिल्या जबानीत म्हटलं होतं, तू स्वतःच घसरून पडलास. दादा, माझ्या डोक्यात सणक गेली. त्याची बायको समोर असती तर मी तिचे केस धरले असते आणि तिचं तोंड त्या टेबलावर आपटलं असतं. हे मी नुसतं म्हणत नाहीये, माझी बोटं खरोखर वळली होती. तुला काय व्हायचं ते मला बावन्नाव्या वर्षी कळलं. आणि मग हेही कळलं की त्या बाईनं जे केलं तेच मी केलं होतं, आणि तिच्याइतक्याच घाईनं.

मग डिटेक्टिव्हनं दुकानाच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग लावलं. त्याला आवाज नाही. तू एका जागी गाडी लावतोयस, दुसरी गाडी येऊन आडवी थांबते. तो उतरतो, हातवारे करतो. तुझ्या गाडीचं दार उघडतं आणि तू उतरतोस. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता सुरू होणार.

"आत्या, लुक," रिया म्हणाली. "प्लीज. बघ त्याच्याकडे."

तू उभा होतास. दोन्ही हात पाठीमागे, उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलेलं. तो तुझ्या तोंडाजवळ येऊन ओरडत होता आणि तू मान हलवत होतास. काहीतरी म्हणालास, थोडकं. मग वळलास, गाडीकडे निघालास. हात अजून मागेच. त्यानं बाजूनं येऊन तुझ्या कानशिलावर ठोसा मारला. आणि तू आडवा झालास, सरळ, झाड पडतं तसा. माणूस पडताना हात पुढे टाकतो. तू टाकले नाहीस, तू मनगट सोडलंच नाहीस. डोकं आधी लागलं, काँक्रीटच्या कडेवर.

"ही वॉज लीव्हिंग," रिया म्हणाली. ती रडत होती, पण तिचा आवाज ताठ होता. "डॅड निघाला होता, आत्या."

मग तिनं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मार्सेलिसहून आल्यावर तिनं तुझ्याशी बोलणं टाकलं होतं, सहा-सात महिने. तू खोलीत आलास की ती उठून जायची. मग तू राग आवरायला शिकवणाऱ्या एका गटात जायला लागलास, दर गुरुवारी, आपल्यासारखी माणसं गोल बसून बोलतात तिथं. आठ वर्षं गेलास. मला सांगायचास की गुरुवारी बॅडमिंटन असतं. हात मागे धरायचं तिथंच शिकलास. लायसन्स मिळाल्यावर रियाच तुला सोडायला-आणायला जायची, आणि येताना तुम्ही दोघं गाडीत बोलायचात. तिला तिचा बाप परत मिळाला होता. आणि मी मात्र नऊ वर्षं त्या कठड्यापाशीच तुला धरून बसले होते.

डिटेक्टिव्हनं मग मला विचारलं, नेहमीचा प्रश्न आहे म्हणाली, "तुमच्या भावाचा मारामारीचा काही इतिहास होता का?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. अमेरिकेत तुझ्या नावावर कुठं काही नव्हतं. रिया माझ्याकडे बघत होती. मी 'हो' म्हणाले आणि सगळं सांगितलं. मेसमधलं नाक, गाडीचा आरसा, बाग, कठडा, दात. मी पोलिसांशी खोटं बोलले, तेही सांगितलं. तिनं विचारलं, "त्या माणसाचं पुढं काय झालं?" मी म्हणाले, "माहीत नाही. माझ्या भावाला जाणून घ्यायचं होतं. मी विचारलं नाही."

ती म्हणाली, समोरच्याचा वकील हे वापरू शकतो. मी म्हटलं, "वापरू दे. माझ्या भावानं तेव्हा मारलं होतं. आणि ह्या वेळी मारलं नाही. दोन्ही लिहून घ्या."

बाहेर आल्यावर रियानं वहिनीला सांगितलं. घरी आल्यावर वहिनी ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "काय गरज होती? गेल्यावर तरी सोडायचं होतंस त्याला. उद्या कोर्टात ते त्याला गुंड म्हणतील. त्याची बहीणच म्हणाली, म्हणतील." मी म्हणाले, "वहिनी, त्याला खोटं नको होतं." ती वळली. तिच्या हातात उलथनं होतं. क्षणभर वाटलं, मारते आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. "त्याला काय हवं होतं ते मला शिकवू नकोस," ती म्हणाली. "तू वर्षातून दोनदा फोन करायचीस." दोन दिवस आम्ही एका घरात राहिलो आणि एकमेकींना ताटं वाढण्यापलीकडे काही बोललो नाही. केसचं काय होईल ते अजून कुणालाच माहीत नाही.

नेवार्कच्या विमानतळावर मला सोडायला मात्र तीच आली. रिया कॉलेजला परत गेली होती. ड्रॉप-ऑफला गाडी थांबली, मी बॅग काढायला वळले, तर तिनं माझा दंड धरला. समोर बघतच बोलली.

"त्या दिवशी बागेत तू त्याला ओढलं नसतंस, तर त्यानं त्या माणसाला मारून टाकलं असतं. हो ना?"

"हो, वहिनी."

"तिथंच जेलमध्ये गेला असता. मी रियाला घेऊन एकटी आले असते. मी त्याला कधी माफ केलं नसतं." तिनं माझा दंड सोडला. "पण जिवंत असता, मेधा. आज जिवंत असता."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. वहिनी गेली आणि मी बॅग घेऊन तिथंच उभी राहिले.

ती चूक आहे असं मला म्हणता येत नाही, आणि ती बरोबर आहे असंही म्हणवत नाही. विमानात, घरी, लॅबमध्ये, तेव्हापासून मी दोन्ही बाजूंनी एकटीच बोलतेय. तिला काय उत्तर द्यायचं होतं ते तुला माहीत असेल. नसलं तरी तू माझ्याशी भांडला असतास, आणि या वेळी मी फोन कट केला नसता.